प्लेस्टेशन ५ (पीएस ५) वर पीएस ४ ची आवृत्ती: एल्डन रिंग या गेमचं एक प्रकरण

दिवाळीत ताईकडे नाशिकला गेलो तर भाच्याने दारातच पकडलं. मामा, एल्डन रिंग घेतलाय, सेकंडहँड डिस्क मिळाली पीएस ४ ची, तिच्यावर पीएस ५ वाली आवृत्ती फुकट अपग्रेड होते, पण क्लासमधली पोरं म्हणतायत पीएस ५ वाली लॅग मारते, पीएस ४ वालीच टाक, आता घरात पीएस ५ असताना मी पीएस ४ ची गेम का खेळू? चप्पल काढायच्या आधी एवढं सगळं ऐकलं. प्रश्न एकदम रास्त होता आणि त्याचं उत्तर "हो, पीएस ४ वालीच टाक" असं एका ओळीत देता आलं असतं, पण का ते कळल्याशिवाय पोरगा ऐकणार नव्हता आणि ऐकूही नये, म्हणून आम्ही दोन संध्याकाळी बसून हे नीट तपासलं. तेच इथे सविस्तर लिहितोय कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात.

आधी सेटअप सांगतो. डिस्कवाला पीएस ५, टीव्ही ४३ इंची, ४के पण ६० हर्ट्झचा, व्हीआरआर (टीव्हीने कन्सोलच्या वेगाला जुळवून घ्यायची सोय) नाही. गेम अजून एक मिनिटही खेळलेली नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळा निर्णय त्यावर फिरतो.

आपल्याकडे काहीही झालं की "लॅग मारतंय" म्हणतात. नेट स्लो असेल तरी लॅग, बटण दाबल्यावर उशिरा हललं तरी लॅग, चित्र अडकत अडकत सरकलं तरी लॅग आणि चित्र मधनं चिरलं तरी लॅगच. दुखणी वेगळी आणि नाव एकच, मग औषध चुकणारच. भाच्याला म्हटलं आधी हे वेगळं करू.

चित्र चिरणं म्हणजे स्क्रीन टेअरिंग. टीव्ही चित्र एकदम लावत नाही, वरून खाली ओळीने रंगवत येतो. ६० हर्ट्झचा टीव्ही एका सेकंदात ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. आता कन्सोलने एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, २० मिलिसेकंदात तयार केली आणि तयार झाल्या झाल्या टीव्हीकडे ढकलली, तर टीव्ही तोवर पुढचं चित्र रंगवायला लागून ३.३ मिलिसेकंद झालेले असतात, म्हणजे वरचा साधारण पाचवा हिस्सा जुन्या फ्रेमचा रंगवून झालाय आणि खालचा सगळा नव्या फ्रेमचा येणार. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरत असेल तर उभा खांब त्या रेघेवर कापल्यासारखा दिसतो, वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. कॅमेरा स्थिर असला की फाट असूनही दिसत नाही कारण दोन्ही फ्रेम जवळपास सारख्याच असतात, म्हणून टेअरिंग तपासायचं असेल तर झाडाच्या खोडाजवळ किंवा दाराच्या चौकटीजवळ उभं राहून उजवी काडी गोल फिरवायची, लगेच कळतं.

पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळात हे फार होतं. २००७ चा पहिला अनचार्टेड घ्या, गेम सुंदर, पण कॅमेरा फिरवला की फाट. कितीतरी खेळांत तेव्हा अशी सोय असायची की फ्रेम वेळेत झाली तर टीव्हीच्या ठेक्याची वाट बघायची आणि थोडी उशिरा झाली तर न थांबता ढकलून द्यायची. थोडीच उशिरा, म्हणून फाट बरेचदा पडद्याच्या वरच्या भागातच यायची, ज्यांनी त्या काळात खेळलंय त्यांना ती वरची थरथर आठवत असेल. २००९ च्या दुसऱ्या अनचार्टेडमध्ये ती गेली, कारण त्यांनी तीन बफर वापरले. म्हणजे एक चित्र टीव्ही दाखवतोय, दुसरं तयार होऊन रांगेत आहे आणि तिसऱ्यावर काम चालू. ७२० ओळींचं एक चित्र साठवायला साधारण ३.७ एमबी लागतात. आज हा आकडा काहीच वाटत नाही, पण पीएस ३ मध्ये २५६ एमबी मुख्य मेमरी आणि २५६ एमबी ग्राफिक्सची, त्यातून जास्तीचे ३.७ काढायचे म्हणजे कुठलं तरी टेक्स्चर कापायचं. माझ्या मते ती किंमत पूर्ण वसूल झाली.

तर एल्डन रिंगमध्ये टेअरिंग हा प्रश्नच नाही. ही गेम कन्सोलवर टीव्हीच्या ठेक्याला धरूनच चालते, व्ही-सिंक लावलेला आहे. हे कळलं तेव्हा भाचा म्हणाला मग पोरं कशाबद्दल बोलतायत? पोरं बोलतायत फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम तयार होतात त्याच्या, हेलकाव्याबद्दल, आणि तो व्ही-सिंकमुळे लपत नाही, फक्त त्याचं रूप बदलतं.

व्ही-सिंक समजायला लोकल बघा. लोकल दर १६.७ मिलिसेकंदांनी सुटते. फ्रेम वेळेत फलाटावर आली तर गाडीत, अर्ध्या मिलिसेकंदाने चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघायची, मधल्या गाडीत जुनंच चित्र परत बसून जाणार. चित्र फाटत नाही कारण अर्धवट कोणी चढत नाही. पण हातात येतो तो ठेका बिघडलेला. समजा गेम सेकंदाला ५० फ्रेम देतेय, आणि टीव्ही ६० वेळा रंगवतोय. दर सहा गाड्यांत पाच नवी चित्रं आणि एक शिळं. म्हणजे सेकंदात दहा वेळा हालचाल क्षणभर थांबते आणि परत चालते. ऐकायला ५० हा आकडा ३० पेक्षा कितीतरी मोठा, पण ३० ला दोन-दोन गाड्यांनी एक चित्र, सगळं सारखं. विलंबित लय असली तरी ठेका पक्का असेल तर माणूस रमतो, द्रुत असून मात्रा खाल्ल्या तर कान टवकारतात. डोळ्यांचं तसंच आहे. मी तर म्हणेन की हलत्या ५० पेक्षा पक्के ३० बरे, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे बहुतेक जण फक्त आकडा बघून बोलतात.

तेही ३० खरोखर पक्के असले तर. एल्डन रिंग बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचाच २०१५ चा ब्लडबोर्न आठवा. तिथे सेकंदाला ३० फ्रेम असा हिशेब बरोबर बसायचा पण चित्रं समान अंतराने यायची नाहीत, एक १६ मिलिसेकंदात, एक ३३, एक ५०, बेरीज करून सरासरी ३० च. याला फ्रेम पेसिंग म्हणतात आणि हे दुखणं फ्रेम मोजणाऱ्या साध्या मीटरवर दिसतसुद्धा नाही, मीटर ३० दाखवत राहतं आणि खेळणाऱ्याला कळत नाही की आपल्याला का खटकतंय.

आता मूळ मुद्दा. एल्डन रिंग २५ फेब्रुवारी २०२२ ला आली, मार्चच्या मध्यापर्यंत १ कोटी २० लाखांवर प्रती गेल्या, त्या वर्षीचं गेम ऑफ द इयर पण मिळालं, आणि सगळं खरंच मिळण्यासारखं होतं. पीएस ५ वर दोन मोड, एक चित्राला झुकतं माप देणारा आणि एक फ्रेमला. फ्रेमवाला मोड ६० चं लक्ष्य धरतो पण मोकळ्या मैदानात, लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या भागातल्या गवतात घोड्यावरून जाताना वगैरे तो ४५ ते ६० च्या मधे हेलकावे खातो, हे आल्या आठवड्यापासून मोजणाऱ्यांनी मोजून दाखवलंय. चित्रवाला मोड तर ३० वर बांधलेलाही नाही, सोडून दिलाय, त्यामुळे ३० ते ६० च्या मधे कुठेही. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. चित्रवाल्या मोडला ३० ची सरळ मर्यादा घालून फ्रेम सारख्या अंतराने पाठवल्या असत्या तर साध्या टीव्हीवाल्या लाखो लोकांना एक शांत पर्याय मिळाला असता. मार्च २०२३ च्या पॅचमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढायची पद्धत) पण आलं, ते लावलं की आणखी घसरतं, ६० हर्ट्झच्या टीव्हीवर त्याच्या वाटेला जाऊच नका.

आणि याच पीएस ५ वर पीएस ४ ची आवृत्ती टाकली तर जवळपास पूर्ण वेळ ६० वर टिकते. यात जादू काही नाही. ती आवृत्ती बनवलीय पीएस ४ प्रो डोळ्यांसमोर ठेवून, ज्याचा प्रोसेसर २.१३ गिगाहर्ट्झचा जुन्या जातीचा आणि ग्राफिक्सची ताकद ४.२ टेराफ्लॉप (सेकंदाला किती गणितं होतात त्याचं माप). तिथे बिचारी ३० च्या वर थोडी रांगायची, पण तिच्यावर ३० ची मर्यादा नव्हती. तीच मर्यादा नसलेली गेम पीएस ५ च्या ३.५ गिगाहर्ट्झच्या झेन २ या नव्या जातीच्या प्रोसेसरवर आणि १०.२८ टेराफ्लॉपवर ठेवली की ती पळते ती ६० ला जाऊनच थांबते. चित्राचा हिशेबही बघा. पीएस ४ प्रो वाली ३२०० बाय १८०० मध्ये चेकरबोर्ड पद्धतीने चित्र काढते, म्हणजे प्रत्येक फ्रेमला बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं नवीन काढायची आणि उरलेली मागच्या फ्रेमवरून भरायची. साधारण २९ लाख पिक्सल नवीन. पूर्ण ४के म्हणजे जवळपास ८३ लाख. शिवाय पीएस ५ वाल्यात गवत दाट, सावल्या चांगल्या. ओझं कोणावर जास्त ते उघड आहे.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, दाखव. म्हणून आम्ही पीएस ४ वाली टाकली (गेमवर गेलं की तीन टिंबांच्या मेनूत आवृत्ती निवडता येते, डिस्क आत हवी) आणि माझ्या फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लावून टीव्हीचं शूटिंग केलं. ही युक्ती कुणालाही जमण्यासारखी आहे म्हणून नीट सांगतो. फोन २४०, टीव्ही ६०, म्हणजे टीव्हीच्या एका चित्राला फोनची चार चित्रं. गेममध्ये कॅमेरा हळू सारखा फिरवत ठेवायचा, नंतर फोनवर एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजायचं की चित्र कितव्या फ्रेमला सरकलं. चार, चार, चार, चार आलं तर पक्के ६०. आठ, आठ, आठ आलं तर पक्के ३०. चार, चार, चार, चार, आठ आलं तर ५०, तोच तो मात्रा खाल्लेला ठेका. आणि चार, आठ, बारा असं कसंही आलं तर फ्रेम पेसिंगचं दुखणं.

पहिल्या प्रयत्नात दोन गोष्टींनी फसवलं. एक म्हणजे खोलीतले दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण फोनमध्ये अख्खी भिंत धडधडताना दिसते आणि मोजायला काहीच सुधरत नाही, म्हणून दिवे बंद केले, दारातली पणती तेवढी राहिली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. व्हिडिओ बघताना भाचा ओरडला, मामा हे बघ फाटलंय! आणि खरंच फोनच्या त्या फ्रेममध्ये किल्ल्याची भिंत वर नवीन जागी होती आणि खाली जुन्या. पण ते टेअरिंग नाही. टीव्ही वरून खाली रंगवत येतो म्हटलं ना, तो रंगवताना पकडला गेला होता. पुढच्या फ्रेमला ती रेघ आणखी खाली, त्याच्या पुढच्याला आणखी खाली, मग पूर्ण. दरवेळी वरून सुरू होऊन तळाला संपते. खरी फाट असती तर रेघ मधेच कुठेतरी उगवली असती आणि अख्खं चित्र एकसंध होण्याआधी दुसरं चालू झालं असतं. अशा एका थांबवलेल्या फोटोवरून लोक गेमला नावं ठेवतात ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो, एक फोटो बघून ठरवू नका, चार फ्रेम पुढे-मागे करून बघा.

दिवे बंद करून घेतलेल्या व्हिडिओत आम्ही सुरुवातीच्या मैदानातली दहा सेकंदं मोजली. चार, चार, चार, जवळजवळ सगळीकडे चार. भाचा कागदावर रेघा मारत होता, एका ठिकाणी आठ आलं तर त्याने तो आकडा गोल करून ठेवला.

टीव्हीचंही थोडं काम निघालं. टीव्ही कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, बहुतेकांत हे असतंच, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती. ती टीव्ही स्वतः मधली चित्रं बनवून घुसवते. क्रिकेटला ठीक, गेमला नको, कारण मधलं चित्र बनवायला पुढचं चित्र आधी हातात लागतं आणि तेवढा उशीर बटणाला बसतो. शत्रूने तलवार उचलली, तू रोल मारलास (गोलांटी घेऊन चुकवलंस) आणि तरी लागली, तर दर वेळी चूक तुझीच नसते. गेम मोड लावला, ती सेटिंग गेली, बटणातला फरक भाच्याला लगेच हाताला कळला. आणि दुकानदाराने त्याला महागाची एचडीएमआय केबल घ्यायला सांगितली होती, ती घेऊ दिली नाही. केबल खराब असेल तर ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो, सिग्नल जातो. फ्रेम रेट केबलमुळे कमी होत नाही आणि चित्रही केबलमुळे चिरत नाही.

मग त्याचा पुढचा प्रश्न आला, व्हीआरआर वाला टीव्ही घेतला तर? व्हीआरआर म्हणजे लोकलऐवजी शेअर रिक्षा. वेळापत्रक नाही, फ्रेम आली की निघाली, टीव्ही कन्सोलसाठी थांबतो. ५० फ्रेम असतील तर टीव्हीही ५० वेळाच रंगवतो, शिळं चित्र मधे नाही, फाटही नाही. पीएस ५ ला हे एप्रिल २०२२ मध्ये अपडेटने मिळालं, पण पट्टा ४८ ते १२० हर्ट्झचा. म्हणजे रिक्षावाला जास्तीत जास्त २०.८ मिलिसेकंद थांबणार, त्यापुढे नाही. आणि आपली गेम उतरते ४५ पर्यंत. जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच आधार सुटतो आणि परत जुने हिसके. एक्सबॉक्स सीरिज एक्सवर हीच गेम सरासरीत पीएस ५ पेक्षा जरा कमीच फ्रेम देते, तरी व्हीआरआर टीव्हीवर जास्त सुरळीत वाटते, कारण तिथे खालच्या फ्रेम रेटला सिस्टीमच चित्र दुप्पट वेळा दाखवून सांभाळून घेते. आकडा कमी, अनुभव चांगला.

१२० हर्ट्झच्या टीव्हीचा अजून एक फायदा आहे जो लोकांना माहीत नसतो, सेकंदाला ४० फ्रेमचा मोड. इन्सोम्निॲक या गेम कंपनीने २०२१ च्या रॅचेट अँड क्लँकमध्ये तो आणला. ६० हर्ट्झवर ४० बसवलं तर एक चित्र एका गाडीत, पुढचं दोन गाड्यांत, चार-आठ-चार-आठ, लंगडी चाल. १२० हर्ट्झवर मात्र ४० बरोबर तीनने भाग जातो, प्रत्येक चित्र २५ मिलिसेकंद, एकदम समान. आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ३० आणि ६० च्या फ्रेमच्या बरोब्बर मधली वेळ, १० फ्रेमच वाढल्या तरी उशिरात अर्धं अंतर कापलं जातं. एल्डन रिंगला असा ४० चा मोड असता तर पीएस ५ ची आवृत्ती मी डोळे झाकून सांगितली असती.

पीएस ५ प्रो घेतला तर, हेही त्याने विचारलं, तो ७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर आला पण तेव्हा भारतात अधिकृतपणे आणला नाही, कारण त्याच्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं त्याला इथे तेव्हा परवानगी नव्हती. त्याच्यावर पीएस ५ ची आवृत्ती बरीच वर येते, पण एवढ्यासाठी बाहेरून मागवलेला कन्सोल घे असं मी भाच्याला कधीच सांगणार नाही. त्याचा साधा पीएस ५ ताईने पै पै जोडून घेतलाय आणि तो अजून भरपूर पुरतोय.

आता तो "एक मिनिटही खेळलेली नाही" वाला मुद्दा. पीएस ४ च्या आवृत्तीतली सेव्ह (साठवलेला खेळ) पीएस ५ च्या आवृत्तीत नेता येते. उलटी येत नाही. ही एकतर्फी वाट आहे आणि लोक तिथेच अडकतात, साठ-सत्तर तास पीएस ५ वाली खेळतात, मग कुठेतरी वाचतात की पीएस ४ वाली सुरळीत आहे, आणि मग एकच रस्ता, पहिल्यापासून सुरुवात. आमच्या केसमध्ये पोराने आधी विचारलं म्हणून हा प्रश्न आलाच नाही. म्हणून ज्याच्याकडे ६० हर्ट्झचा टीव्ही आहे आणि नवीन सुरू करायचंय त्याला माझं सांगणं सरळ आहे, पीएस ४ वालीच टाका, पुढे कधी टीव्ही बदलला तर सेव्ह उचलून पीएस ५ वाल्यात न्या, काही वाया जात नाही. ज्याचे सत्तर तास आधीच पीएस ५ वर झालेत त्याने फ्रेमवाला मोड ठेवावा, रे ट्रेसिंग बंद ठेवावं आणि आहे तिथून पुढे जावं, हेलकाव्याला हात सरावतो.

काय गेलं तेही सांगतो, लपवण्यासारखं नाही. गवत विरळ दिसतं, लांबच्या कडा थोड्या मऊ, आणि मेल्यावर परत उठायला पीएस ५ वाल्यापेक्षा जास्त थांबावं लागतं, जे या गेममध्ये वारंवार होतं. ४३ इंची टीव्हीवर सोफ्यावरून बसून १८०० आणि ४के मधला फरक भाच्याला सांगता आला नाही, मलाही नाही. थांबण्याचा फरक मात्र त्याला जाणवला आणि त्याने तो चालवून घेतला.

भाऊबीजेच्या रात्री तो स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर मार्गिट या मोठ्या शत्रूसमोर होता, अकराव्यांदा. म्हातारा काठी वर धरून मुद्दाम उशीर करतो आणि मग मारतो, तो उशीर हातात बसायला प्रत्येक वेळी तो सारखा दिसावा लागतो. बाराव्यांदा पोराने तीन रोल बरोबर मारले, चौथा चुकला, कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला, "मामा, हा माझाच चुकला." आणि परत धुक्याच्या दारातून आत गेला.